उजव्या हाताची सवय

१

राजकोटात दुपारी एक ते चार यमसुद्धा कोणाचं दार वाजवत नाही, असं बटुकभाई म्हणायचे. थट्टा सोडली तर ते खरंच होतं. शटरं धडाधड खाली यायची, चहावाल्यांचे स्टोव्ह गप्प व्हायचे, आणि ज्याला गिऱ्हाईक म्हणतात तो प्राणीही आपापल्या घरी घोरत पडलेला असायचा.

नैषध अंजारियाचं आयुष्य याच वेळापत्रकावर चाललं होतं. सकाळी कंकोत्रीचं, म्हणजे लग्नपत्रिकांचं दुकान उघडायचं, दुपारी ओढून घ्यायचं, वाटेत शाळेतून ऋत्वीला घ्यायचं आणि तिच्या बडबडीला ‘हं, हं’ करत चालत घर गाठायचं. रूपल गरम भाखरी वाढायची, सोबत ताकाचा पेला. मग हॉलमध्ये पंख्याखाली गाद्या टाकून तिघंही आडवी. चारला पुन्हा दुकान.

म्हणून कॉम्प्युटरने जेव्हा विचारलं की तुम्ही कोणत्या वेळात काम करत नाही, तेव्हा त्याने डोकं न लावता ‘एक ते चार’ भरून टाकलं. नवी सिस्टीम कितीतरी महिने उंबऱ्यावर येऊन उभी होती. रोज विचारायची, आता येऊ का? रोज तो म्हणायचा, नंतर. दुसऱ्या गावातल्या माणसाने तिला रात्रीची वेळ दिली असती. राजकोटच्या माणसाला दुपारच सुचणार.

आणि नेमकं त्याच दुपारी नैषधला घरी जाता आलं नाही. एका वरपित्याने ऐन वेळी हॉल बदलला होता आणि पत्ता दुरुस्त करून फाईल छापखान्यात पाठवायची होती. त्याने रूपलला फोन करून ऋत्वीला घेऊन जायला सांगितलं, शटर अर्धं ओढलं आणि कामाला बसला. काम झालं. फाईल गेली. बाहेर सगळा बाजार झोपला होता. त्याचीही मान खुर्चीतच कलंडली, आणि उजवा हात होता तसा माऊसवर राहिला.

जाग आली तेव्हा हाताला मुंग्या आल्या होत्या. स्क्रीन निळी झाली होती आणि मधोमध ठिपके गोल गोल फिरत होते. खाली लिहिलं होतं, बंद करू नका, झालंच. थोड्या वेळाने ते पुसून दुसरी ओळ आली. तुमचं सगळं जिथल्या तिथे आहे.

२

जिथल्या तिथे काहीही नव्हतं.

डाव्या कोपऱ्यातलं बटण, ज्याच्यावर त्याचा हात इतकी वर्षं झोपेतही गेला असता, ते उठून मधोमध येऊन बसलं होतं. कोपऱ्यात नुसती मोकळी जागा. बाण तिथे जायचा, टकटक करायचा, आणि काहीच उघडायचं नाही. उजवं बटण दाबलं की पूर्वी लांबलचक यादी यायची. आता चारदोन गोष्टी दाखवून ‘आणखी हवंय का’ असं विचारत होती, वाढप्यासारखी. कापा-चिकटवाची नावं गेली होती, नुसती चित्रं उरली होती. सगळ्या चौकटींचे कोपरे कोणीतरी कानशीने घासून गोल करून ठेवले होते.

“अरे, हे माझं दुकान आहे की भाड्याने घेतलंय मी?” नैषध चिडून म्हणाला.

बटुकभाईंचं पाकिटांचं आणि कागदाचं दुकान शेजारीच. चार वाजले की ते चहाच्या दोन बशा घेऊन यायचे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन पाहिली.

“छान तर दिसतंय. गोल गोल. पेढ्यासारखं.”

“दिसण्याला काय चाटायचंय? प्रिंटचं बटण शोधतोय मघापासून.”

“तुम्हा नागर ब्राह्मणांचं अवघडच असतं भाई. चहाच्या कपाचा कानसुद्धा उजवीकडेच लागतो तुम्हाला.” त्यांनी बशी त्याच्या पुढ्यात सरकवली. “बायको नवीन आली तेव्हा डबे हलवले होते ना तिने? लागली की नाही सवय?”

संध्याकाळी इम्तियाझभाई आले. राजकोटमधल्या निम्म्या दुकानांचे कॉम्प्युटर या माणसाच्या भरवशावर चालत होते. त्यांनी इकडेतिकडे चार ठिकाणी टिचक्या मारल्या.

“मशीनमध्ये काही बिघाड नाही, नैषधभाई. तुमच्या हातात आहे.”

“म्हणजे?”

“हाताला जुनी जागा पाठ आहे. डोकं ऐकतं, हात ऐकत नाही. थोड्या दिवसांत तोही ऐकेल. नाहीच जमलं तर हे बघा, इथे आत ‘मागे जा’ आहे. दाबलं की जुनी सिस्टीम जशीच्या तशी परत. पण थोडेच दिवस मिळतात. मग ते बटण आपलं आपण निघून जातं.”

“आणि जुनी सिस्टीम तोवर असते कुठे?”

“इथेच. आतच असते. दिसत नाही एवढंच.” इम्तियाझभाई हसले. “जागा अडवून बसते.”

३

त्या रात्री घरी आल्यावर नैषधने दाराच्या उजव्या बाजूला हात घातला. हाताला नुसता गिलावा लागला.

तो अंधारात भिंत चाचपत राहिला. वर, खाली, पुन्हा वर. आतून रूपल आली आणि तिने डाव्या बाजूचं दिव्याचं बटण दाबलं.

“भिंतीला गोंजारताय की काय?”

“बटण इकडे होतं ना?”

“घर बांधल्यापासून तिकडेच आहे.” ती स्वयंपाकघरात निघूनही गेली.

तिचं खरं होतं. नैषधला आठवत होतं की बटण डावीकडेच आहे. इलेक्ट्रिशियनशी त्यावरून झालेली हुज्जतही आठवत होती. डोक्याला सगळं ठाऊक होतं. हातालाच ठाऊक नव्हतं. दिवसभर त्या मशीनने हाताला चकवलं, आता तो घरातही चकतोय, असं म्हणून त्याने विषय सोडून दिला. शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

जेवायला खिचडी-कढी होती. नैषध छापखान्याबद्दल काहीतरी सांगत होता आणि रूपल ऐकत होती. मध्येच ऋत्वी म्हणाली, “पप्पा, हे कोणासाठी?”

त्याने ताटात पाहिलं. ताटाच्या कडेला खिचडीचे छोटे छोटे गोळे ओळीने मांडलेले होते. मऊ मळलेले, बोराएवढे, ज्याला धड चावता येत नाही अशा तोंडात मावतील इतके. उजवा हात त्या क्षणीही एक गोळा वळत होता. वळून झाल्यावर बोटं तो तोंडाजवळ घेऊन आली, आणि आपण त्याच्यावर फुंकर मारणार होतो हे नैषधच्या लक्षात आलं.

“कोणासाठी नाही,” तो म्हणाला. “तुझ्यासाठी.”

“मी काय बाळ आहे?” ऋत्वी खुदकन हसली. दुसरीत जाणाऱ्या मुलीला हा अपमानच होता.

रूपल हसली नाही. ती त्या गोळ्यांकडे बघत राहिली आणि मग उगाचच उठून पाणी घेऊन आली.

४

मेहुणीचं, म्हणजे चार्मीचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिका अर्थातच घरच्या दुकानात. नैषधने ती प्रेमाने करायला घेतली. सर्वांत शेवटी राहिला टहुको. घरातल्या पोरांच्या बोबड्या बोलांत केलेलं आमंत्रण, ज्याच्याशिवाय गुजरातेत पत्रिका पुरी होत नाही: आमच्या माछीच्या लग्नाला नक्की नक्की यायचं हं. माछी म्हणजे मावशी. खाली पोरांची नावं.

अशा ओळी त्याने हजारो टाईप केल्या होत्या. बघायचीही गरज नसे. तो मान वळवून बटुकभाईंशी बोलत होता आणि बोटं चालली होती.

“ही तोरल कोण?” बटुकभाईंनी विचारलं.

स्क्रीनवर लिहिलं होतं, ऋत्वी, तोरल.

नैषध बघतच राहिला. रूपलच्या माहेरी या नावाचं कोणी नव्हतं. त्याच्याकडेही नव्हतं. मागच्या एखाद्या पत्रिकेतलं नाव बोटांत राहून गेलं असेल. राहतं असं. त्याने नाव खोडलं, आणि खोडताना डाव्या हाताचं बोट वापरलं. उजवं बोट बटणापर्यंत जाऊन थांबलं होतं.

दुपारी तो ऋत्वीला घ्यायला गेला. शाळेपासून घरापर्यंतच्या गल्लीत उजव्या हाताला शाळेची लांबच लांब भिंत आहे आणि डावीकडून रिक्षा, स्कूटर, उंटगाड्या, जे काही गावात चाकावर चालतं ते सगळं जातं. ऋत्वी नेहमीप्रमाणे डावीकडे होती, त्याचा डावा हात धरून. ती होमवर्कचं गाऱ्हाणं सांगत होती. एक रिक्षा अंगावर आल्यासारखी आली आणि नैषध थबकला.

त्याचा उजवा हात झटकन खाली गेला होता. भिंतीच्या बाजूला. पंजा उघडा, बोटं वाकलेली, गुडघ्याच्या थोडं वर. लहान मूल पटकन अंगाशी ओढून घ्यावं तसा. तिथे भिंत होती, आणि भिंतीवर वाळलेलं पोस्टर.

ऋत्वीचं डोकं त्या उंचीवर नव्हतं. ती त्याच्या छातीपर्यंत येत होती.

“पप्पा, चला ना,” ती म्हणाली.

तेव्हाच त्याच्या मनात आलं की आपण पोरीला वाहनांच्या बाजूला का चालवतो? कुठला बाप असं करतो? भिंतीकडची सुरक्षित बाजू रिकामी सोडून?

५

हॉलमध्ये गाद्यांचा क्रमही ठरलेला होता. एका कडेला ऋत्वी, मग नैषध, मग रूपल. त्या दुपारी आडवं होताना त्याचं लक्ष गेलं की आपल्या आणि रूपलच्या मध्ये अर्ध्या हाताहून जास्त जागा मोकळी आहे.

“एवढं अंतर का ठेवतो आपण?”

“उकडतं म्हणून,” रूपल झोपेत म्हणाली.

पंखा घरघरत होता. खिडकीला ओला पडदा. खालच्या रस्त्यावर पाऊल वाजत नव्हतं. नैषधला डोळा लागला आणि कसल्याशा आवाजाने तो पुन्हा उघडला. आवाज मऊ होता, एका लयीत येणारा. थप, थप. थोडं थांबून पुन्हा थप, थप.

त्याचाच हात होता तो. उजवा हात मधल्या रिकाम्या जागेत चादरीवर थोपटत होता. बाळाला निजवताना थोपटतात तसा, मनगट न हलवता, नुसत्या तळव्याने.

त्याला ओरडावंसं वाटलं नाही. आधी त्याने स्वतःला समजावलं की ऋत्वी तान्ही असताना हे रोज केलंय, हाताला आठवलं असेल. मग त्याला आठवलं की ऋत्वी तेव्हाही दुसऱ्या बाजूलाच निजायची. पुढे त्याचं समजावणं बंद पडलं, कारण तळव्याखाली गादी नव्हती. तळव्याखाली काहीतरी वर येत होतं आणि खाली जात होतं. हलकं, उबदार, झोपेतल्या श्वासाच्या चालीने.

पलीकडे रूपल कुशीवर वळलेली होती. तिचा हात कोपरात वाकून त्याच रिकाम्या जागेभोवती पडला होता. ती गाढ झोपेत होती.

नैषधने सगळा जोर लावून हात उचलला. चादर क्षणभर तशीच राहिली. एखाद्या छोट्याशा पाठीवर असावी तेवढी उंच. मग ती हळूच खाली बसली, आणि गादीवर गादीशिवाय काही नव्हतं.

चारची वेळ झाली तरी तो तसाच बसून होता.

६

“रूपल, आपल्याला दुसरं कोणी... म्हणजे तुला कधी दिवस गेले होते का, ऋत्वीनंतर?”

ती वाटाणे सोलत होती. हात थांबले. “काय विचारताय हे? एकीच पुरे असं आपण दोघांनीच ठरवलं होतं ना?”

त्याला ते ठरवणंही आठवत होतं. कुठे बसून ठरवलं, तेसुद्धा.

“तोरल नावाचं कोणी ओळखीचं आहे?”

“नाही.” पुढची शेंग सोलत ती म्हणाली, “का? गोड आहे नाव.” आणि मग तिने डोळे पुसले. “या घरात हल्ली धूळ फार येते.”

मग नैषधने तिला सांगून टाकलं. खिचडीचे गोळे, भिंतीकडचा हात, दुपारची चादर. त्या दिवशी सगळं गाव झोपलेलं असताना ते मशीन बदललं आणि आपला हात त्याच्यावर होता, हेही. सांगताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. रूपल मध्ये एकदाही हसली नाही.

“आणि ते मागे जायचं बटण दाबलं तर?” तिने विचारलं.

“जुनं सगळं परत येतं म्हणे.”

“सगळं म्हणजे काय काय?”

तेवढ्यात ऋत्वी बाहेरून आली, गुडघा खरचटलेला. नैषधने तिला जवळ घेतलं आणि उजवा हात तिच्या केसांवर ठेवला. हात पडून राहिला. त्याने तिचा पंजा उजव्या हातात घेतला. बोटं मिटेनात. अनोळखी माणसाने रस्त्यात काही हातात दिलं तर ते धरावं की नाही असं होतं ना, तसा हात उघडाच राहिला. डाव्या हातात घेतला तर डावा हात झटकन मिटला, रोजच्यासारखा.

त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

उजवा हात ऋत्वीला ओळखत नव्हता.

हात जुन्या जगातला आहे हे एकदा मान्य केलं तर पुढचा विचार टाळता येत नव्हता. त्या जगातली कोणी तोरल हाताला पाठ आहे आणि ऋत्वी पाठ नाही. म्हणजे तिकडे ऋत्वी नव्हतीच. एकीच्या जागी एक.

“मला तुमचं ते मशीन कळत नाही,” रूपल म्हणाली. तिने ऋत्वीला नैषधच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. “काय करायचं ते करा. माझ्या ऋत्वीला काही होता कामा नये. बाकी कोणाला मी ओळखत नाही.”

बोलताना तिचा आवाज शेवटी फाटला, आणि का फाटला हे तिलाही सांगता आलं नसतं.

७

मुदत संपत आल्याची सूचना स्क्रीनवर यायला लागली होती. नैषध दुकानात यायचा, बसायचा आणि उजवा हात त्याच्या नकळत ‘मागे जा’ उघडून ठेवायचा. आपण प्रिंट शोधत असलो तरी बाण तिकडे सरकायचा. एकदा तर तो बटुकभाईंशी बोलून वळला आणि पाहिलं तर बाण नेमका त्या बटणावर होता आणि बोट अर्धं दाबलेलं. बटणाच्या वर लिहिलं होतं, यानंतर जे जोडलं गेलं आहे ते राहणार नाही.

ते वाक्य त्याने कितीदा वाचलं कोण जाणे. मशीन बदलल्यानंतर जोडलेल्या गोष्टींबद्दल ते होतं, हे कोणीही सांगितलं असतं. पण ऋत्वी कधी जोडली गेली हे कोण सांगणार होतं? तिचा जन्म त्याला आठवत होता. दिव्याचं बटण डावीकडे होतं हेही आठवत होतंच की.

“तब्येत बरी नाही वाटतं,” बटुकभाई म्हणाले. “चेहरा बघ. पत्रिका छापायला आलेल्या मुलीच्या बापासारखा झालाय.”

“बटुकभाई, माझ्या घरात किती माणसं?”

“तीन. का, पाहुणे आलेत?” बटुकभाई बोलले खरे, पण बोलून झाल्यावर ते उगाचच दुकानाच्या पायरीकडे बघत राहिले. “अरे, तुझी ती... नाही, काही नाही. चहा थंड होतोय.” ते आपली बशी तिथेच विसरून गेले.

दुपार व्हायला आली तसा नैषधने निर्णय घेतला. नुसती मुदत संपायची वाट बघून चालणार नव्हतं. तोवर या हाताने एखाद्या बेसावध क्षणी बटण दाबलं असतं. इम्तियाझभाईंना त्याने फोन लावला आणि जुनी सिस्टीम मशीनमधून कायमची कशी काढायची ते विचारून घेतलं.

“घाई काय आहे? जाईल तीच,” इम्तियाझभाई म्हणाले. “एकदा काढली की मीसुद्धा आणून देऊ शकणार नाही हां.”

“तेच हवंय.”

त्याने उजवा हात मांडीखाली दाबला आणि माऊस डाव्या हातात घेतला. डावा हात अडाणी. बाण कुठेही धावत होता. शेवटी ती जागा सापडली. जुनी सिस्टीम काढून टाकायची का? जागा मोकळी होईल.

मांडीखालचा हात वळवळू लागला. मग तो धडपडायला लागला. नैषधला वेदना होत नव्हत्या, पण खुर्ची हलत होती. बोटं मांडीच्या कापडाला धरून खेचत होती, कोणाला तरी उचलून घ्यायला निघाल्यासारखी. नैषधच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ‘ऋत्वी,’ तो मोठ्याने म्हणाला. ‘ऋत्वी, ऋत्वी.’ आणि डाव्या हाताने त्याने दाबलं.

हिरवी पट्टी सरकायला लागली. ती सरकत होती तसतशी मांडीखालची धडपड कमी होत गेली. मध्ये एकदा हात थांबला आणि खुर्चीच्या गादीवर त्याने थोपटलं. थप, थप. थोडं थांबून पुन्हा थप, थप. मग पट्टी पूर्ण झाली.

त्याने हात बाहेर काढला. मुंग्या आलेला, साधा हात. माऊसवर ठेवला तर तो सरळ मधल्या बटणावर गेला. प्रिंटही पहिल्या फटक्यात सापडलं.

मग तोंड धुऊन त्याने शटर ओढलं. पोरगी वाचली होती. एवढं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

८

शाळा सुटली होती. ऋत्वी दप्तर हेलकावत धावत आली. नैषधने मुद्दाम उजवा हात पुढे केला, आणि हात तिच्या हाताभोवती घट्ट मिटला. त्याने तो दोनदा उघडून मिटून बघितला. मिटत होता. त्याला रस्त्यातच हसू फुटलं.

“आजपासून तू भिंतीकडून चालायचं,” तो म्हणाला. “तिकडून गाड्या येतात.”

ती त्याच्या उजव्या बाजूला आली. ते चालायला लागले. ती बाईंबद्दल, डब्याबद्दल, कोणाच्या तरी वाढदिवसाबद्दल सांगत होती, पण मध्येमध्ये तिचे शब्द गळत होते. ती भिंतीला घासून चालत नव्हती. भिंतीच्या आणि आपल्या मध्ये थोडी जागा सोडत होती, त्यामुळे सारखी त्याच्या पायात येत होती. शेवटी ती थांबली.

“पप्पा, ही माझी बाजू नाही.”

“आता हीच तुझी बाजू.”

“नाही ना. माझी ती.” तिने रस्त्याकडे बोट दाखवलं. “मी मोठी आहे ना.”

नैषध तिच्यापुढे वाकला.

“कोणापेक्षा मोठी?”

ऋत्वीने तोंड उघडलं. अगदी जिभेवर आलेलं असतं काहीतरी, तसं तिचं तोंड उघडंच राहिलं. तिने भिंतीकडे पाहिलं, मग खाली, त्याच्या गुडघ्यापाशी. कविता अर्ध्यात विसरल्यावर होतो तसा तिचा चेहरा झाला.

“माहीत नाही,” ती म्हणाली, आणि तिला रडू यायला लागलं. का येतंय ते तिला कळत नव्हतं. तिने दप्तर खाली टाकलं, त्याचा उजवा हात सोडला आणि वळसा घालून आपल्या जुन्या बाजूला जाऊन डावा हात धरला. डावा हात झटकन मिटला.

मागच्या रिक्षावाल्याने शिवी दिली आणि वळसा घालून तो निघून गेला. नैषध भिंतीजवळ उभा होता. डाव्या हातात ऋत्वी होती. ती नेहमीच डाव्या हातात होती. तिकडे, जुन्या मांडणीतही, ती इथेच होती, याच बाजूला, रोज. उजवा हात तिला ओळखत नव्हता, कारण तो कधी रिकामाच नसायचा.